हात धुतलेलं पाणी देऊनही झाडं करपतात? आधी बेसिनपाशी जा

शुक्रवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला की विषय मला माहीत असतो. "टाकीपाशी उभं राहवत नाहीये. आज झाडांना पाणी सोडायचं का नाही?" भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून वास शुक्रवारी. जिथे रविवारची सुट्टी, तिथले फोन सोमवारी येतात.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या काही लहान कारखान्यांची आणि दोन-चार ऑफिसांची देखभाल नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यातल्या सहा ठिकाणी हात-तोंड धुतलेलं पाणी कुंपणाकडेच्या झाडांना सोडायची व्यवस्था आहे. सहाही ठिकाणी ती कधी ना कधी बिघडली, आणि कारणं फिरून फिरून तीच.

हे सगळं बेसिन आणि शॉवरच्या पाण्याबद्दल आहे. संडासाचं पाणी यात येत नाही, कधीच नाही. कॅन्टीनमधल्या भांड्यांचं पाणीही मी घेत नाही. ग्रीस ट्रॅप बसवतो म्हणतात, बसवतातही, पण तो साफ कोण करणार हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात उभा राहतो आणि मग भात-डाळीचा साका थेट टाकीत.

लक्षणं

- सुट्टीनंतरच्या सकाळी सडक्या अंड्यासारखा वास, एरवी ठीक
- पहिल्या झाडाच्या आळ्यात डबकं, शेवटच्या चार झाडांना थेंब नाही
- पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. सुरुवात जुन्या पानांपासून
- नवी पालवी पिवळी, पण शिरा हिरव्या
- आळ्यातल्या मातीवर पांढरट पापुद्रा, किंवा माती चिकट होऊन पाणी तासन् तास उभं
- फिल्टर दर दोन दिवसांनी चोंदतो. पंप फिरतो पण पाणी उचलत नाही
- टाकीभोवती डास

हे सगळं वेगवेगळं वाटतं, आणि माळी, प्लंबर, वायरमन असे तीन जण तीन दिशांनी कामाला लागतात. माळी खत घालतो, प्लंबर ड्रिपर बदलतो, वायरमन पंप उघडतो. महिन्याभराने पुन्हा तेच. माझा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा झाडापाशी नसतो, पाइपातही नसतो. बेसिनमध्ये कोण काय ओततं तिथे असतो. म्हणून खालचा क्रम बेसिनपासून सुरू होतो आणि झाडापर्यंत जातो. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत. त्या टाळून थेट खर्चाच्या कामाला हात घालू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. टाकीकडे जाणारं पाणी ड्रेनेजकडे वळवा आणि झाडांना दोन-तीन दिवस साधं पाणी द्या. वळवायला कॉकच नसेल, तर पहिली चूक सापडली. ज्या व्यवस्थेत पाणी गटाराकडे वळवायची सोय नाही, ती पावसाळ्यात तर अडतेच, दुरुस्तीच्या वेळीही अडते.

बाटलीत पाणी धरून बघा

पारदर्शक बाटली घ्या. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली धरा. दुसरी बाटली टाकीच्या तळाच्या कॉकमधून भरा. दोन्ही बाटल्या उन्हात न ठेवता तासभर बाजूला ठेवा.

दुधाळ, राखाडी, थोडा फेस, तळाशी जरा गाळ: हे पाणी चांगलं आहे, साबणाचं पाणी असंच दिसतं. येणारं पाणी राखाडी पण टाकीतलं काळपट आणि कुजक्या वासाचं, तर पाणी शिळं झालंय. दोष साठवणुकीत आहे. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग, तर कुठून तरी तेल येतंय. फिनेलचा किंवा ब्लीचिंगचा वास, तर पुढचा भाग नीट वाचा. या दोन बाटल्यांनी निम्मं काम होतं, कारण इथून पुढे कुठल्या दिशेने जायचं ते कळतं.

बेसिनपाशी उभे राहा

हे कुणी करत नाही. साहेब लोकांना तर ते कमीपणाचं वाटतं.

एका ऑफिसात बारा करंज आणि तीन कांचन होते. पानं कडेने जळत होती आणि टाकीतल्या पाण्याला गोडसर औषधी वास येत होता. मी सकाळी सव्वानऊला पहिल्या मजल्याच्या बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांत हाउसकीपिंगच्या मावशी निळी बादली घेऊन आल्या आणि लादी पुसलेलं पाणी कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडं केलं. पांढरं फिनेल, त्यात झाकणभर ब्लीच. अशा रोज चार बादल्या.

"मावशी, हे पाणी खाली झाडांना जातं."

"मग कुठं ओतू? संडासात माणसं असतात. बाहेर ओतलं की वॉचमन वरडतो."

त्यांचं बरोबर होतं. पोछ्याचं पाणी ओतायला त्या मजल्यावर जागाच ठेवली नव्हती. आम्ही जिन्याखाली एक नहाणी ट्रॅप (लादीतलं सांडपाण्याचं जाळीदार तोंड) बसवला, दहा फूट पाइप टाकून ड्रेनेजला जोडला आणि मावशींना दाखवला. करंजांना नवी पानं यायला दीड-दोन महिने लागले. त्याआधी त्याच ऑफिसने सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीवर दोनदा पैसे घातले होते.

फिनेल आणि ब्लीच जंतू मारायलाच बनवलेले असतात. ते मातीतल्या जिवाणूंनाही सोडत नाहीत, आणि साबणाचं पाणी पचवून झाडाला सोसेल असं करण्याचं काम तेच जिवाणू करत असतात. ते मेले की साबण तसाच मुळांपाशी साठतो.

बेसिनपाशी आणखी काय दिसतं? कामगार कपडे धुतात. धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा आणि सोडियमचे इतर क्षार भरपूर असतात, आणि नुसत्या हात धुण्याच्या साबणापेक्षा ते कितीतरी जास्त त्रास देतात. ओव्हरऑल धुवायचे असतील तर त्याची मोरी वेगळी, ड्रेनेजला जोडलेली हवी.

आणि मशिन शॉप. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या हाताला कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवायला सोडतात ते तेलकट पाणी, असतं. पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच कटिंग ऑइलमध्ये बोरॉनचे क्षार आणि जंतुनाशकं असतात. बोरॉन झाडाला अगदी चिमूटभर लागतो. जरा जास्त झाला की तोच विष होतो, आणि पानांच्या टोकांपासून, कडांपासून जाळत येतो. मशिन शॉपचं बेसिन झाडांच्या लाइनीवर ठेवू नका. ते कारखान्याचं सांडपाणी आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. या एका मुद्द्यावर मी मालकाशी वाद घालतो, बाकी सगळं समजुतीने घेतो.

बेसिनच्या वर मराठी-हिंदीत पाटी लावा: "हे पाणी झाडांना जातं." आरशाच्या उंचीवर. खाली लावलेली पाटी कुणी वाचत नाही.

वास: आधी कॅलेंडर बघा, मग टाकी

साबणाचं पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. त्यात मळ, त्वचेचे कण, साबण असं जिवाणूंचं खाद्य असतं. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे ताबा घेतात आणि वास सुटतो. बुधवारी संध्याकाळी भरलेली टाकी शुक्रवारी सकाळी उघडली तर छत्तीस तास झालेले असतात. दिवाळीच्या आठवड्याचं तर बोलायलाच नको.

उपाय फुकट आहे: सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टाकी पूर्ण रिकामी करा आणि कॉक ड्रेनेजकडे फिरवून घरी जा. हे काम एका माणसाच्या नावावर असलं पाहिजे. "कुणीतरी करेल" म्हटलं की शुक्रवारी मला फोन.

सुट्टी नसतानाही वास येत असेल तर टाकी गरजेपेक्षा मोठी आहे. एका ठिकाणी साठ माणसं होती. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ऑफिससाठी दर माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरतात, त्या हिशेबाने कुणीतरी 2000 लिटरची टाकी बसवली. पण त्या 45 लिटरमध्ये फ्लशचं पाणी आलं, पिण्याचं आलं. बेसिनमधून प्रत्यक्षात दिवसाला 400 लिटरच्या आसपास पाणी यायचं. म्हणजे टाकी भरायला पाच दिवस, आणि फ्लोट (पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) वरच्या पातळीला लावलेला, त्यामुळे पंप पाचव्या दिवशी सुरू व्हायचा. आम्ही टाकी बदलली नाही. फ्लोटची दोरी आखूड करून तो खाली आणला, म्हणजे दीडशे-दोनशे लिटर साठलं की पंप चालू. वास दुसऱ्या दिवशी गेला. आपल्याकडे किती पाणी येतं ते बादली आणि घड्याळ घेऊन एक दिवस मोजा. कागदावरच्या आकड्यावर टाकी घेऊ नका.

वास टाकीपाशी नसून बाथरूममध्येच येत असेल तर बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा, पाणी अडवून वास रोखणारा भाग) आणि नहाणी ट्रॅप बघा. वापरात नसलेल्या बेसिनच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात वाळून जातं आणि पाइपातला वास वर येतो. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं.

डासांचंही इथेच: अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. झाकण घट्ट, हवेच्या पाइपाला जाळी, आणि आळ्यात डबकं नको.

भंगारवाल्याकडून पिंजऱ्यातली पांढरी हजार लिटरची टाकी आणली असेल तर तिच्यात आधी काय होतं ते विचारा. स्टिकर फाडलेला असेल तर घेऊ नका. आणि पांढऱ्या टाकीतून ऊन आत जातं, शेवाळ धरतं. बाहेरून काळा रंग मारा.

रंगाची चाचणी

जुन्या इमारतीत पाइप कुठून कुठे जातो ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. खाण्याचा निळा किंवा लाल रंग चमचाभर कमोडमध्ये टाका, दोन-तीनदा फ्लश करा, आणि एकाने टाकीपाशी अर्धा तास थांबावं. प्रत्येक संडासासाठी वेगळी चाचणी. टाकीत रंग दिसला तर संडासाची लाइन इथे जोडलेली आहे. मग पुढचं काहीही तपासू नका, थेट शेवटच्या भागात जा.

फिल्टर आणि पाइप

इथून हात घाण होतात. रबरी मोजे घाला.

टाकीत पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला नायलॉनची पिशवी किंवा जुना लांब मोजा बांधलेला असेल तर तो आठवड्यातून दोनदा बदला. केस आणि सुताचे धागे इथेच अडले पाहिजेत. पुढे गेले तर फ्लोटच्या दोरीला गुंडाळतात आणि पंपाच्या पंख्यात अडकतात.

डिस्क फिल्टर उघडून चकत्या सुट्या करून धुवा. घट्ट दाबलेल्या चकत्यांवरून पाणी मारलं तर वरची घाण जाते, खाचांमधला बुळबुळीत थर तसाच राहतो. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज असतील तर दोघांत अर्ध्या किलोचा फरक पडला की धुवायची वेळ झाली समजा. गेज नसतील तर वार ठरवून धुवा.

मग लॅटरल, म्हणजे झाडांजवळून जाणारे, ड्रिपर बसवलेले बारीक पाइप. शेवटची एंडकॅप (पाइपाच्या टोकाचं झाकण) उघडा आणि पंप चालू करून पाणी वाहू द्या. पहिल्यांदा काळा शेवाळी गाळ येतो, त्याचे तुकडे पडतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. आधी सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा जाड पाइप), मग एकेक लॅटरल. सगळ्या एंडकॅप एकदम उघडल्या तर दाब पडतो आणि गाळ तिथेच बसतो. चोंदलेला ड्रिपर ओळखायला ग्लास आणि घड्याळ पुरतं: ताशी चार लिटरच्या ड्रिपरने एका मिनिटात साधारण 65 मिली पाणी दिलं पाहिजे. पहिला, मधला आणि शेवटचा मोजा. शेवटचा निम्म्यावर आला असेल तर लाइन चोंदली आहे, नाहीतर कुठेतरी फुटली आहे.

ड्रिप साफ करायला शेतात ॲसिड आणि क्लोरीन वापरतात, म्हणून इथेही कुणीतरी सुचवतं. शेतात ते मापून, वेगवेगळ्या वेळी देतात. इथे माणसं ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकाच बादलीत कालवतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस दगावू शकतो. हे दोन्ही एकमेकांजवळही ठेवू नका.

टीडीएस मीटर

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. तो मोजायला काही शे रुपयांचा पेनासारखा मीटर मिळतो. नळाचं पाणी मोजा, टाकीतलं मोजा, वजाबाकी करा. माझ्याकडच्या ठिकाणी नळाच्या पाण्यापेक्षा टाकीतलं दोनशे-तीनशेने जास्त असतं, ते चालतं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) सिंचनाच्या निकषांत साधारण 450 पर्यंत चिंता नाही, 450 ते 2000 जपून, 2000 च्या वर धोक्याचं, असं धरतात.

एकदाच मोजून थांबू नका. एका कारखान्यात दुपारचा आकडा 400 होता आणि तरी कडुनिंब करपत होते. मी दिवसभर दर तासाला मोजायला सांगितलं. सकाळी सातला मीटरने हात टेकले, आकडा त्याच्या पट्टीच्या बाहेर गेला. बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर होता. तो मिठाच्या पाण्याने धुतला जातो, आणि ते मिठाचं पाणी जवळच्या बेसिनच्या पाइपात सोडलेलं होतं. जोडणी करणाऱ्याला तोच पाइप हाताशी सापडला असणार. दर तिसऱ्या दिवशी पहाटे झाडांना मिठवणी. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही असंच होतं, फक्त हळूहळू.

मीटर फसवतो कुठे ते ध्यानात ठेवा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो. त्यामुळे सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो, पण मातीच्या दृष्टीने ते पाणी वेगळंच झालेलं असतं. बेसिनला सॉफ्टनरचं पाणी येत असेल तर आकडा चांगला दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका.

उलट बाजूने, एसीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. ऑफिसात एसी भरपूर असतील तर ते पाइप टाकीत सोडा. क्षार पातळ करायला याहून स्वस्त काही नाही. ते पाणी बाटलीभर बाजूला काढून ठेवा, आता मातीसाठी लागणार आहे.

पान आणि माती

जुन्या पानांच्या कडा जळाल्या: क्षार किंवा बोरॉन. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: मातीचा सामू (पीएच) चढला आहे, लोह आहे पण झाडाला उचलता येत नाही. माती ओली आणि झाड तरी मलूल: मुळांना हवा मिळत नाही, पाणी कमी करा. ही शेवटची चूक सर्रास होते. मलूल झाड दिसलं की माळी अजून पाणी देतो.

आणि एक, ज्यावर मी दर वर्षी एखादा फोन घेतो: पाडव्याच्या आधी कडुनिंबाची पानं पिवळी होऊन गळतात, आणि लगोलग तांबूस पालवी येते. पळस, पांगारा, काटेसावर तर फुलायच्या वेळी पर्णहीनच असतात. तो आजार नव्हे. देशी झाड लावलं की त्याचं वर्षाचं वेळापत्रकही पत्करावं लागतं. बहावा, पळस, आपटा मूळ धरल्यावर रोज पाणी मागतच नाहीत. त्यांना रोजच्या रोज साबणाचं पाणी म्हणजे जाच. रोजचं पाणी करंजाला, उंबराला, अडुळशाला, निर्गुडीला द्या, ती सोसतात. सोनचाफा आणि सीताअशोक या लाइनीवर नकोतच. कुठल्याही रोपाला पहिलं वर्षभर साधंच पाणी.

मातीची चाचणी अशी. आळ्यातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात एसीच्या पाण्यात अलगद सोडा. हलवायचं नाही. तासाभराने बघा. ढेकूळ फुटून तुकडे तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ, तर माती ठीक. ढेकळाभोवती दुधी ढग पसरला आणि पाणी गढूळच राहिलं, तर मातीत सोडियम बसला आहे. शेतकऱ्याच्या भाषेत जमीन चोपण व्हायला लागली. मातीचे बारीक कण एकमेकांना सोडतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जात नाही. काळ्या मातीत हे लवकर होतं; मुरूम भरलेल्या प्लॉटवर उशिरा. शेजारच्या, पाणी न दिलेल्या जागेतलं ढेकूळही दुसऱ्या ग्लासात टाका, म्हणजे तुलना होते.

माती ठीक पण वर पापुद्रा असेल तर पापुद्रा खरवडून काढा आणि दर आठ-दहा दिवसांनी आळं भरून साधं पाणी द्या, क्षार खाली जातात. पावसाळा हे काम फुकट करतो. ढग दिसला असेल तर जिप्सम लागेल, पण किती ते माती परीक्षणाशिवाय ठरवू नका. आणि खाली निचरा नसेल तर जिप्सम घालूनही उपयोग नाही, कारण सुटा झालेला सोडियम वाहून जायला वाट हवी.

ड्रिप काढून टाका

इथवर येऊनही ड्रिप पुन्हा पुन्हा चोंदत असेल तर माझं स्पष्ट मत: काढून टाका. ड्रिपरची वाट सुईच्या नाकाएवढी आणि पाणी साबणाचं; त्यांचं जमत नाही. ड्रिपच हवं असेल तर खडी-वाळूची नीट गाळणी बांधावी लागते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफसोबत मध्य प्रदेशातल्या आश्रमशाळांत अंघोळीच्या पाण्यासाठी तशा गाळण्या बांधल्या होत्या. त्या चालतात, पण गाळणीची वाळू वेळच्या वेळी धुणारा माणूस लागतो, आणि कारखान्यात तो मिळत नाही.

त्याऐवजी झाडाच्या बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडून गोल चर खणा, फूटभर रुंद आणि तेवढाच खोल. तळाशी नारळाची सोडणं उपडी टाका, वर फांद्यांचे तुकडे, त्यावर पालापाचोळा. दीड इंची पाइपाचं तोंड त्या पाचोळ्यात, जमिनीला न टेकता, चार बोटं वर. पाणी पाचोळ्याखाली जातं, दिसत नाही, वास नाही, डास नाही, आणि चोंदायला बारीक भोकच नाही. प्रत्येक तोंडाला कॉक लावा आणि रोज झाडं बदलत जा. पाचोळा कुजून बसतो, वर्षातून दोनदा भर घाला. एका शनिवारी दोन माणसं चार झाडांचं काम उरकतात. बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही, तिथे साल कुजते.

पाणी फवारायचं नाही, जेटने नाही, स्प्रिंकलरने नाही. आणि या पाण्यावर पालेभाजी, कोथिंबीर लावायची नाही, वॉचमनने कितीही हौसेने वाफा केला तरी.

पंप

फ्लोट अडकलाय का, फूटव्हॉल्व्हला (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) केस गुंडाळलेत का, पंपाने हवा धरली आहे का, एवढं बघा. तेही मेन स्विच बंद करून आणि फ्यूज खिशात घालून. ओल्या जागेतल्या पंपाला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या. यापुढचं काम वायरमनचं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टाकीत उतरायचं नाही. डोकंही घालायचं नाही. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नव्हे. एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. टाकी आतून साफ करायची असेल तर वायू मोजणारं यंत्र, हवा सोडायचा ब्लोअर आणि सुरक्षा पट्टा असलेल्या लोकांना बोलवा. अशा बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याबद्दल कारखाना कायदा 1948 च्या कलम 36 मध्ये अटी होत्या; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण धोका तोच आहे. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्या सुपरवायझरला त्या दाखवा.

रंगाच्या चाचणीत संडासाची जोडणी निघाली: पाणी ड्रेनेजला वळवा, आळ्यांत उघड्या हाताने काम बंद, परवानाधारक प्लंबर.

पिण्याच्या लाइनीशी जोडणी असल्याची शंका: टाकी भरायला नळाचा पाइप थेट पाण्यात बुडालेला असला तरी ती जोडणीच समजा. पुरवठ्याचा दाब पडला की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. पिणं बंद करा, मग प्लंबर.

तवंग किंवा रसायनाचा वास बेसिनचा मार्ग बदलूनही गेला नाही: पर्यावरण सल्लागार आणि पाण्याची प्रयोगशाळा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल काय लिहिलंय तेही त्याच बैठकीत उघडून बघा.

ढेकळाच्या चाचणीत दुधी ढग आला: माती आणि पाणी दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत. पाण्यात सोडियमचं प्रमाण आणि बोरॉन मुद्दाम तपासायला सांगा, नेहमीच्या चाचणीत बोरॉन नसतो.

माणूस बोलवाल तेव्हा त्याच्या हातात चार गोष्टी द्या: दोन्ही बाटल्यांचा फोटो, आठवडाभराचे टीडीएसचे आकडे वेळेसकट, कुठल्या झाडापासून करपायला लागलं त्याचा कागदावर काढलेला नकाशा, आणि हाउसकीपिंगला येणाऱ्या सामानाचं बिल. बिल मी सगळ्यात आधी वाचतो. मागच्या महिन्यात एका ठिकाणी त्यावर ब्लीचचे पाच लिटरचे आठ कॅन दिसले, आणि मजले होते दोन.